तीन चलांची एकसामयिक समीकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीपर्यंत दोन चलांची समीकरणं सहज सोडवणारी मुलं तिसरं चल आलं की अडखळतात. इतकी वर्षं शिकवताना मला दिसत आलंय की त्यांना गणित अवघड जात नाही, हिशेब ठेवणं अवघड जातं. कोणतं समीकरण वापरलं, कोणतं राहिलं, कशाचा लोप करायचा होता, हे मध्येच निसटतं. म्हणून पुढची बरीचशी उत्तरं त्या हिशेबाबद्दल आहेत. शाळेच्या पुस्तकातल्या एक्स, वाय, झेड यांच्या जागी इथे क्ष, य, झ ही अक्षरं घेतली आहेत.

तीन चलांचं रेषीय समीकरण म्हणजे नक्की काय?

ज्या समीकरणात तीन अज्ञात संख्या आहेत, पण त्यांचा वर्ग, घन किंवा एकमेकींशी गुणाकार कुठेही नाही, ते. २क्ष + य + झ = १६०० हे रेषीय आहे. क्ष × य + झ = ५ हे नाही. अशी तीन समीकरणं एकाच वेळी खरी ठरवणाऱ्या तीन किमती शोधायच्या, म्हणून ती ‘एकसामयिक’.

तीन समीकरणं का लागतात? दोनवर भागत नाही का?

एक उदाहरण घ्या. खिशात १, २ आणि ५ रुपयांची मिळून ३० नाणी आहेत, एकूण रक्कम ७६ रुपये. प्रत्येक प्रकारची किती?

क्ष + य + झ = ३०
क्ष + २य + ५झ = ७६

पहिलं दुसऱ्यातून वजा केलं की य + ४झ = ४६ उरतं. आता झ = ८ घेतलं तर य = १४, क्ष = ८. झ = ९ घेतलं तर य = १०, क्ष = ११. दोन्ही उत्तरं बरोबर. झ ला ६ पासून ११ पर्यंत कोणतीही किंमत चालते, म्हणजे सहा वेगवेगळी उत्तरं झाली. तीही केवळ नाणी अर्धी किंवा उणे असू शकत नाहीत म्हणून. तसं बंधन नसतं तर उत्तरं अनंत असती. त्यात ‘१ रुपयाची आणि ५ रुपयांची नाणी सारखीच आहेत’ एवढी एक माहिती घातली की सहातलं एकच उरतं: ८, १४, ८.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात याच जातीचं एक सुंदर उदाहरण आहे. एकाकडे ५ माणकं, ८ नीलमणी, ७ मोती आणि वर ९० नाणी. दुसऱ्याकडे ७ माणकं, ९ नीलमणी, ६ मोती आणि ६२ नाणी. दोघांची संपत्ती सारखी. तर प्रत्येक रत्नाची किंमत काय? समीकरण मांडलं तर एवढंच हाती लागतं:

२ माणकं + १ नीलमणी − १ मोती = २८

तीन अज्ञात आणि समीकरण एकच. माणिक १४, नीलमणी १, मोती १ हे चालतं. माणिक १३, नीलमणी ३, मोती १ हेही चालतं. भास्कराचार्यांना याची पूर्ण कल्पना होती. एकाहून अधिक उत्तरं असलेली उदाहरणं त्यांनी मुद्दाम घेतली आहेत. त्यांच्या परंपरेत पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’ आणि पुढच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. अनेक अज्ञातांच्या समीकरणांचं नाव म्हणूनच ‘अनेकवर्णसमीकरण’. वर्गात मुलांना अज्ञातांना रंग देऊन लिहायला सांगितलं की कोणतं चल कुठे गेलं ते डोळ्यांना दिसतं. आठशे वर्षांहून जुनी ही सोय आजही कामाची आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चंगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. पाटणादेवीला जाणं झालं तर हे लक्षात असू द्या.

सोडवायची मूळ पद्धत एका उदाहरणावरून सांगाल का?

दिवाळीच्या फराळाची तीन बिलं आहेत. प्रत्येक पदार्थाचा किलोचा भाव शोधायचा आहे. चकलीचा भाव क्ष, चिवड्याचा य, लाडवांचा झ.

२क्ष + य + झ = १६०० … (१)
क्ष + ३य + २झ = २३०० … (२)
३क्ष + २य + झ = २३०० … (३)

आधी ठरवायचं की कोणाला घालवायचं. झ चे सहगुणक (चलाला गुणणाऱ्या संख्या) १, २, १ आहेत, सगळ्यांत सोपे. म्हणून झ चा लोप करू. हे ठरलं की कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: ‘झ जाणार’.

(३) मधून (१) वजा करा. झ जातो:
क्ष + य = ७०० … (४)

आता (१) ला २ ने गुणून त्यातून (२) वजा करा. पुन्हा झ च जातो:
३क्ष − य = ९०० … (५)

इथे तीन चलांचा प्रश्न संपला. (४) आणि (५) ही दहावीची समीकरणं आहेत. बेरीज केली की ४क्ष = १६००, म्हणून क्ष = ४००. (४) वरून य = ३००. आता (१) मध्ये दोन्ही किमती ठेवा: ८०० + ३०० + झ = १६००, म्हणून झ = ५००.

चकली ४०० रुपये, चिवडा ३००, लाडू ५०० रुपये किलो.

पडताळा कोणत्या समीकरणात घ्यायचा?

मूळ तिन्ही समीकरणांत. (४) किंवा (५) मध्ये घेतलेला पडताळा पुरेसा नाही, कारण चूक बहुधा (४), (५) तयार करतानाच झालेली असते. चुकीच्या समीकरणात चुकीचं उत्तर अगदी चपखल बसतं.

वेळ फारच कमी असेल तर निदान असं समीकरण निवडा जे शेवटच्या टप्प्यात वापरलेलं नाही. वरच्या उदाहरणात झ काढायला (१) वापरलं, म्हणून (१) मध्ये पडताळा घेऊन काही कळणार नाही. तिथे बरोबर येणारच. (२) मध्ये घ्या: ४०० + ९०० + १००० = २३००. बरोबर.

मी पायऱ्या बरोबर करतो, पण शेवटी उत्तरच येत नाही, फिरून तिथेच येतो. असं का होतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते. कारणं जवळजवळ नेहमी दोनच असतात.

पहिलं: दोन वेळा लोप केला, पण वेगवेगळ्या चलांचा. फराळाच्या उदाहरणात (३) − (१) करून झ घालवला आणि क्ष + य = ७०० मिळालं. मग (२) ला २ ने गुणून त्यातून (१) वजा केलं, त्यात क्ष गेला आणि ५य + ३झ = ३००० मिळालं. दोन्ही समीकरणं खरी आहेत. पण एकात क्ष आणि य, दुसऱ्यात य आणि झ. दोन समीकरणं आणि अज्ञात अजून तीनच. इतकं काम करून एक पाऊलही पुढे पडलेलं नाही. दोन्ही वेळा त्याच चलाचा लोप व्हायला हवा. कोपऱ्यात लिहून ठेवायचं ते यासाठी.

दुसरं: एक समीकरण वापरायचंच राहून गेलं. (१) आणि (३) वरून (४) मिळवलं. मग पुन्हा (१) आणि (३) च घेतली, या वेळी वेगळ्या संख्यांनी गुणून, आणि पुन्हा झ घालवला. जे मिळेल ते (४) चीच पट असेल: २क्ष + २य = १४०० किंवा तसंच काही. ते (४) शी जोडलं की ० = ० येतं आणि मुलगा गोंधळून म्हणतो, ‘मॅडम, सगळं उडालं.’ सगळं उडालं कारण (२) मधली माहिती हिशेबात आलीच नाही. लोपाच्या दोन जोड्यांमध्ये मिळून तिन्ही समीकरणं आली पाहिजेत.

याला उपाय सोपा आहे. प्रत्येक नव्या समीकरणाच्या उजव्या बाजूला ते कुठून आलं ते लिहा: ‘(३) − (१)’, ‘२ × (१) − (२)’. परीक्षकालाही ते दिसतं आणि चूक झाली तर परत जाऊन शोधायला वाट राहते. ज्या मुलांनी ही सवय लावून घेतली त्यांच्या चुका काही दिवसांत कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत.

वजाबाकीत चिन्हं चुकतात. काय करू?

वजाबाकी करूच नका. वजा करायच्या समीकरणाला −१ ने गुणा, ते पूर्ण नव्याने लिहा, मग बेरीज करा. एक ओळ वाढते, पण ‘उणे उणे अधिक’ डोक्यात करावं लागत नाही.

मी एका चलाची किंमत दुसऱ्या समीकरणांत ठेवून सोडवते. ते चालेल का?

चालेल. (१) वरून झ = १६०० − २क्ष − य. हे (३) मध्ये ठेवलं की क्ष + य = ७००. (२) मध्ये ठेवलं की −३क्ष + य = −९००. ही (४) आणि (५) च आहेत, फक्त चिन्हं इकडची तिकडे. वाटा दोन दिसल्या तरी त्या आतून एकच आहेत. एखाद्या चलाचा सहगुणक १ किंवा −१ असेल तर किंमत ठेवणं सुटसुटीत. ३, ५, ७ असे सहगुणक असतील तर अपूर्णांकांचं जंगल माजतं, तेव्हा लोपच बरा.

समीकरणांत अपूर्णांक किंवा दशांश असतील तर?

आधी ते घालवा. प्रत्येक समीकरणाला त्याच्या छेदांच्या लसाविने गुणा. दशांश असतील तर १० किंवा १०० ने. उजवी बाजू गुणायला विसरू नका.

एखाद्या समीकरणात तिसरं चलच नसेल तर?

तर काम निम्मं झालेलं असतं. झ नसलेलं समीकरण असेल तर उरलेल्या दोघांतून झ घालवा, बस.

कधी तिन्ही समीकरणांत दोन-दोनच चलं असतात:

क्ष + य = ५, य + झ = ७, झ + क्ष = ६

इथे लोप करत बसू नका. तिन्हींची बेरीज करा: २(क्ष + य + झ) = १८, म्हणजे क्ष + य + झ = ९. यातून एकेक समीकरण वजा करा: झ = ४, क्ष = २, य = ३. समीकरणांत अशी सममिती दिसली की आधी बेरीज करून पाहायची.

ही लोपाची पद्धत कोणी शोधली?

‘गाउसची पद्धत’ हे नाव सर्वत्र चालतं, पण पद्धत गाउसपेक्षा खूप जुनी आहे. ‘गणितकलेचे नऊ अध्याय’ या प्राचीन चिनी ग्रंथाचा आठवा अध्याय संपूर्ण याच विषयाला वाहिलेला आहे. त्याचं नाव फांगचंग. लिऊ हुई याने इ. स. २६३ मध्ये या ग्रंथावर टीका लिहिली, म्हणजे मूळ ग्रंथ त्याच्याही आधीचा. त्या अध्यायातलं पहिलंच उदाहरण तीन चलांचं आहे. उत्तम, मध्यम आणि हलक्या पिकाच्या पेंढ्या आहेत, आणि धान्य ‘दोऊ’ या मापाने मोजलेलं आहे:

३ उत्तम + २ मध्यम + १ हलकी = ३९
२ उत्तम + ३ मध्यम + १ हलकी = ३४
१ उत्तम + २ मध्यम + ३ हलक्या = २६

चिनी गणिती हे मोजणीच्या काड्यांनी पाटावर उभ्या स्तंभांत मांडत. अक्षरं नाहीत, बरोबरचं चिन्ह नाही, फक्त सहगुणकांच्या जागा. आपण तेच आडवं लिहू:

३ २ १ | ३९
२ ३ १ | ३४
१ २ ३ | २६

दुसऱ्या ओळीला ३ ने गुणा आणि तिच्यातून पहिली ओळ दोनदा वजा करा: ० ५ १ | २४. तिसऱ्या ओळीला ३ ने गुणा आणि पहिली ओळ एकदा वजा करा: ० ४ ८ | ३९. आता या तिसरीला ५ ने गुणा आणि तिच्यातून दुसरी चार वेळा वजा करा: ० ० ३६ | ९९.

म्हणजे ३६ हलक्या पेंढ्यांत ९९ दोऊ; एका पेंढीत २ पूर्णांक ३/४. मागे येत गेलं की मध्यम ४ पूर्णांक १/४ आणि उत्तम ९ पूर्णांक १/४. आज संगणक हजारो चलांची समीकरणं सोडवतो तेव्हाही त्याचा गाभा हाच असतो: डावीकडून शून्यं तयार करत खाली जायचं आणि मग किमती भरत वर यायचं. वजाबाक्या करताना उणे संख्या येतातच, त्या लाल आणि काळ्या काड्यांनी दाखवण्याची रीत लिऊ हुईने सांगितली आहे.

गाउसने १८१० मध्ये पॅलास या लघुग्रहाच्या कक्षेच्या गणितासाठी लोपाची नीटस मांडणी वापरली, आणि नाव त्याचं लागलं. मला मात्र वर्गात हे पेंढ्यांचंच उदाहरण आधी घ्यायला आवडतं. इतक्या लांबच्या, इतक्या जुन्या माणसाने केलेली आकडेमोड आपल्या वहीत जशीच्या तशी जुळते, हे पाहून मुलांचे चेहरे खुलतात.

क्रेमरची पद्धत तीन चलांना कशी लावायची?

दहावीत दोन चलांसाठी शिकलात तशीच, फक्त निश्चयक (तक्त्यात मांडलेल्या सहगुणकांवरून काढलेली एक संख्या, थोडक्यात ‘नि’) ३ × ३ चा. महाराष्ट्र बोर्डात हा भाग अकरावीत येतो. फराळाच्या उदाहरणात सहगुणकांचा निश्चयक:

२ १ १
१ ३ २
३ २ १

पहिल्या ओळीने विस्तार करू:
नि = २ × (३×१ − २×२) − १ × (१×१ − २×३) + १ × (१×२ − ३×३)
= २ × (−१) − १ × (−५) + १ × (−७)
= −२ + ५ − ७ = −४

मधल्या पदाआधीचं उणे चिन्ह विसरणं ही इथली ठरलेली चूक. अधिक, उणे, अधिक असं आधीच वर लिहून ठेवा.

नि(क्ष) साठी पहिला स्तंभ काढून तिथे १६००, २३००, २३०० ठेवायचे. नि(य) साठी दुसरा. नि(झ) साठी तिसरा. किमती येतात −१६००, −१२०० आणि −२०००. प्रत्येकीला −४ ने भागलं की ४००, ३००, ५००.

गॅब्रिएल क्रेमर हे जिनिव्हाचे गणिती. त्यांचा नियम १७५० च्या ग्रंथात आला. त्याआधी दोन वर्षं, १७४८ मध्ये, स्कॉटलंडच्या कॉलिन मॅक्लॉरिन यांच्या मरणोत्तर छापलेल्या बीजगणितात तीन चलांपर्यंतचा नियम आलेला होता.

मग लोप करावा की क्रेमर?

परीक्षेत पद्धत सांगितली असेल तर तीच वापरा. सांगितली नसेल तर मी लोप करीन. तीन चलांना चार निश्चयक काढावे लागतात, प्रत्येकात चुकायला जागा. चलं वाढली तर क्रेमर हाताबाहेरच जातं: दहा चलांना अकरा निश्चयक, आणि प्रत्येकाच्या पूर्ण विस्तारात ३६,२८,८०० पदं. लोपाने तेच काम ४३० गुणाकार-भागाकारांत होतं.

क्रेमरची ताकद दुसरीकडे आहे. सहगुणक संख्या नसून अक्षरं असतील, किंवा फक्त एकाच चलाची किंमत हवी असेल, तर ते सोयीचं पडतं.

मॅट्रिक्सची व्यस्त काढून सोडवतात ते कधी वापरायचं?

मॅट्रिक्स म्हणजे सहगुणकांचा ओळी-स्तंभांतला तक्ता. बारावीला ते अभ्यासक्रमात आहे, म्हणून यायलाच हवं. खरा उपयोग तेव्हा, जेव्हा डावी बाजू तीच राहते आणि उजवी बदलत जाते. तीच तीन बिलं, वजनं तीच, पण दर वर्षी रकमा वेगळ्या: व्यस्त एकदा काढून ठेवली की दर वेळी फक्त गुणाकार.

कधी कधी उत्तर नाही किंवा अनंत उत्तरं आहेत असं म्हणतात. हे डोळ्यांपुढे कसं आणायचं?

दोन चलांचं समीकरण म्हणजे कागदावरची रेषा. तीन चलांचं समीकरण म्हणजे अवकाशातलं प्रतल, अमर्याद पसरलेला सपाट पत्रा. तीन समीकरणं म्हणजे असे तीन पत्रे, आणि उकल म्हणजे तिघांना सामाईक असलेली जागा.

खोलीच्या कोपऱ्यात बघा. दोन भिंती आणि जमीन एकाच बिंदूत भेटतात. ही एकमेव उकल.

आता वहीची तीन पानं अर्धवट उघडी धरा. तिन्ही शिवणीच्या रेषेवर भेटतात. त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक उकल, म्हणून अनंत.

आणि प्रयोगशाळेतला काचेचा त्रिकोणी लोलक आठवा. त्याच्या तीन बाजूंची प्रतलं दोन-दोन करून भेटतात, पण तिन्ही एकत्र कुठेच भेटत नाहीत. उकल नाही. दोन प्रतलं समांतर असली तरी तेच, जसं छत आणि जमीन.

फोनवर जिओजिब्राचं त्रिमितीय ॲप मोफत मिळतं. त्यात तीन समीकरणं टाका आणि बोटाने फिरवून बघा. फळ्यावर मला जे अर्ध्या तासात धड दाखवता येत नाही, ते तिथे क्षणात दिसतं.

आकडेमोडीत हे कसं ओळखायचं?

हे पाहा:

क्ष + य + झ = ६
२क्ष − य + झ = ३
३क्ष + २झ = ९

पहिल्या दोघांची बेरीज केली की ३क्ष + २झ = ९ येतं, तेच तिसरं आहे. तिसऱ्याने नवी काहीच माहिती दिली नाही. तुमच्याकडे दोन बिलं आहेत आणि तिसरं म्हणून दुकानदाराने त्या दोघांचीच बेरीज करून दिली, तसं. लोप करताना इथे ० = ० येतं, आणि या वेळी ती चूक नसते. उत्तर असं लिहायचं: कोणतीही संख्या त घ्या, मग क्ष = ३ − २त, य = ३ − त, झ = ३त. त = ० ला (३, ३, ०), त = १ ला (१, २, ३). दोन्ही ठेवून बघा.

आता तिसऱ्यात ९ च्या जागी १० लिहा. बेरीज म्हणते ९, तिसरं बिल म्हणतं १०. लोपात ० = १ येतं. हा विरोध आहे, उकल नाही.

नि = ० आला आणि नि(क्ष), नि(य), नि(झ) सगळेच ० आले, तर अनंत उकली आहेत असं लिहू का?

नाही. हे आग्रहाने सांगते, कारण अनेक गाईडांत आणि नोट्समध्ये हे चुकीचं छापलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात. हे उदाहरण घ्या:

क्ष + य + झ = १
क्ष + य + झ = २
क्ष + य + झ = ३

तीन समांतर प्रतलं, एकावर एक ठेवलेल्या मजल्यांसारखी. उकल असणं शक्यच नाही. पण निश्चयक काढा: चौघांपैकी प्रत्येकात निदान दोन स्तंभ सारखे आहेत, म्हणून चारही शून्य.

नियम असा आहे. नि शून्य नसेल तर उकल एकच. नि शून्य असेल आणि बाकीच्या तिघांपैकी एक जरी शून्य नसेल, तर उकल नाही. चारही शून्य असतील तर निश्चयकावरून काहीच ठरत नाही. लोप करून पाहावंच लागतं.

उत्तर उणे आलं तर चुकलं का?

चिवड्याचा भाव उणे आला तर चुकलं. पण सगळीकडे तसं नसतं. भौतिकशास्त्रात किरखॉफच्या नियमांनी विद्युतधारा काढताना बघा. १४ व्होल्टची बॅटरी २ ओहममधून आणि ५ व्होल्टची बॅटरी ३ ओहममधून, दोन्ही एकाच ४ ओहमच्या रोधाला जोडल्या आहेत. दोन्ही बॅटऱ्यांतून धारा बाहेर येते असं धरलं तर:

क्ष + य − झ = ०
२क्ष + ४झ = १४
३य + ४झ = ५

सोडवल्यावर क्ष = ३, य = −१, झ = २ अँपिअर. य उणे आला याचा अर्थ धारा आपण धरली त्याच्या उलट दिशेने वाहतेय: मोठी बॅटरी छोटीच्या आत धारा ढकलतेय. मला तर हे उणे चिन्ह फार आवडतं. आपण दिशा चुकीची धरली तरी गणित ती दुरुस्त करून सांगतं.

तीन बिंदूंतून जाणारा वक्र काढायलाही हेच वापरतात ना?

हो. समजा आलेखावर आडवं १, २, ३ असताना उभं २, ३, ६ आहे. अन्वस्ताचं समीकरण ‘अ × वर्ग + ब × संख्या + क’ असं धरा:

अ + ब + क = २
४अ + २ब + क = ३
९अ + ३ब + क = ६

ओळीने वजा करत गेलात की ३अ + ब = १ आणि ५अ + ब = ३. म्हणून अ = १, ब = −२, क = ३. क चा सहगुणक सगळीकडे १ असल्यामुळे या प्रकारात नेहमी आधी क घालवायचा.

समीकरणं तीनपेक्षा जास्त असतील तर?

कोणतीही तीन सोडवा आणि आलेली उकल चौथ्यात ठेवून बघा. बसली तर ठीक, नाही तर उकल नाही. फक्त निवडलेल्या तिघांचा नि शून्य नाही ना, ते बघून घ्या. समीकरणं प्रत्यक्ष मोजमापांवरून आलेली असतील तर ती तंतोतंत जुळत नाहीतच. तेव्हा न्यूनतम वर्गांची पद्धत लागते, तो वेगळा विषय.

सरावाला काही द्याल का?

तीन देते. आधी सोडवा, मग खाली बघा.

पहिलं: क्ष + य + झ = ६, २क्ष + ३य − झ = ५, ३क्ष − य + २झ = ७.

दुसरं: क्ष + २य − झ = ३, २क्ष − य + झ = ४, ४क्ष + ३य − झ = क. क ची कोणती किंमत असेल तर उकल मिळेल, आणि मग किती उकली मिळतील?

तिसरं: एका तीन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज १२. मधला अंक बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका. अंक उलटे लिहिले तर संख्या १९८ ने वाढते. संख्या कोणती? (शतक क्ष, दशक य, एकक झ असेल तर संख्या १००क्ष + १०य + झ.)

उत्तरं: पहिल्याचं (१, २, ३). दुसऱ्यात पहिल्याची दुप्पट अधिक दुसरं केलं की तिसऱ्याची डावी बाजू येते, म्हणून क = १० असेल तरच उकल आहे, आणि मग ती अनंत. तिसऱ्याचं २६४.